न पळणारा ठेका : हैतीचं जुनं नाचसंगीत

हैतीची जुनी नाचगाण्याची तबकडी पहिल्यांदा लावणाऱ्याची थोडी फसगत होते. गायक दोन-तीन कडवी म्हणतो, चाल गोड असते, आणि सवयीने वाटतं की आता गाणं आटपणार. तिथेच ते खरं सुरू होतं. गायक मागे सरतो, सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट एकच छोटं वळण घोळवू लागतात, खाली गिटार किंवा अकॉर्डियन आपली वेगळीच नक्षी विणत राहतं, आणि पुढची कितीतरी मिनिटं म्हटलं तर काहीच होत नाही. ठेका पळत नाही, चढत नाही, थांबतही नाही. ऐकणाऱ्याचा पाय मात्र हलायचा थांबत नाही.

या संगीताचं नाव कोंपा. त्याचा जुना, भरात असलेला काळ साधारण १९५५ ते १९८०. आज जगभरचे तबकड्यांचे शौकीन या काळातल्या रेकॉर्ड शोधत हिंडतात, चांगल्या प्रतीला भरपूर पैसे मोजतात. जुन्या रेकॉर्डची खरखर, रंगीबेरंगी वेष्टनं, एकसारखे सूट घातलेल्या वादकांचे फोटो यांचं आकर्षण आहेच. पण ते कुठल्याही जुन्या संगीताला असतं. कोंपाची ओढ मला तरी त्याच्या त्या न पळण्यात दिसते. पूर्ण रात्र नाचणाऱ्या जोडप्यांना दमवायचं नाही आणि बसूही द्यायचं नाही, या रोजच्या गरजेतून घडलेली ती कारागिरी आहे.

मेरेंगच्या पाच टाळ्या

हिस्पॅनियोला बेटाचा पश्चिमेकडचा सुमारे एक तृतीयांश भाग म्हणजे हैती. बाकीचा भाग डॉमिनिकन रिपब्लिकचा. १७९१ साली इथल्या गुलामांनी फ्रेंच मळेवाल्यांविरुद्ध उठाव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी स्वतंत्र देश जाहीर केला. फ्रेंच गेले, पण त्यांचे दिवाणखान्यातले जोडीनाच मागे राहिले. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांच्या हातात त्यांचा ताल बदलला आणि त्यातून मेरेंग हा नाच तयार झाला. एकोणिसाव्या शतकात तो हैतीचा राष्ट्रीय नाचच होऊन बसला.

मेरेंगच्या पोटात पाच ठोक्यांची एक चाल आहे. ती घरबसल्या करून बघता येते. एका लयीत एक ते आठ मोजा आणि एक, तीन, चार, सहा आणि सात या आकड्यांवर टाळी द्या. लांब-आखूड-लांब-आखूड-लांब अशा त्या टाळ्या किंचित लंगडत पडतात. सात झाल्यावर पुन्हा एकवर येताना अंगात आपोआप एक हेलकावा येतो. शेजारच्या क्युबातही ही चाल आहे. हैतीतल्या उठावाच्या काळात पळून गेलेल्या लोकांबरोबर ती तिकडे पोहोचली, असं मानतात.

मेरेंगच्या जमान्यातलं एक गाणं जगाला माहीत आहे, फक्त त्याचं मूळ माहीत नाही. ओस्वाल्ड द्युरां या कवीने १८८३ साली 'शुकून' ही कविता लिहिली, दहा वर्षांनी मिशेल मोलेआर मोंतों यांनी तिला चाल लावली. तीच चाल १९५७ साली 'यलो बर्ड' या इंग्रजी गाण्याच्या रूपात हॉटेलांतून, जहाजांवरून वाजू लागली. पोर्ट-ओ-प्रिन्सच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावरच्या पेत्यों-व्हिल या श्रीमंत गावातला गवती छपराचा प्रसिद्ध नाइटक्लबही याच शुकूनच्या नावाचा.

तांबू मंचावर येतो

१९१५ ते १९३४ हैती अमेरिकन फौजेच्या ताब्यात होता. त्या काळात अमेरिकन जाझ इथे आलं, आणि मग कुठल्याही नाचाच्या वाद्यवृंदाला हैतीत 'जाझ' म्हणायची पद्धत पडली. पुढे 'मिनी-जाझ' नावाचे गट येतील, त्यात न्यू ऑर्लिन्सचं जाझ शोधू नये.

फौज गेल्यावर प्रश्न आला की आपलं काय. शिकलेल्या वर्गातल्या काहींनी खेड्यातल्या व्होदू पूजेतली गाणी आणि तांबू, म्हणजे तळहातांनी वाजवायचा हैतीचा उभा ढोल, यांच्याकडे नव्याने पाहायला सुरुवात केली. हे सोपं नव्हतं. १९४१-४२ मध्ये कॅथलिक चर्चने 'अंधश्रद्धे'विरुद्ध मोहीम चालवून कितीतरी तांबू जाळले होते. आणि १९४३ साली 'जाझ दे जन' हा वाद्यवृंद उभा राहिला, ज्याने तेच पूजेतले ताल ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या घोळक्यात आणून बसवले. १९४९ साली पोर्ट-ओ-प्रिन्सला शहराच्या दोनशेव्या वाढदिवसानिमित्त मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं, तेव्हा हेच संगीत पाहुण्यांपुढे देशाचं म्हणून मांडलं गेलं.

दुसरीकडे इसा एल-साये हे पॅलेस्टिनी वंशाचे व्यापारी. त्यांचा वाद्यवृंद म्हणजे हौसेला मोल नसतं याचा नमुना. अमेरिकेहून सॅक्सोफोनवादक बड जॉन्सन, क्युबाहून पियानोवादक बेबो व्हाल्देस अशा माणसांना त्यांनी आपल्या वाद्यवृंदासाठी बोलावून घेतलं. त्यांच्या रेकॉर्ड आज ऐकल्या तर ब्रास सेक्शनची सफाई थक्क करते. माझं मन मात्र त्यात फार रमत नाही. सगळं फार इस्त्री केलेलं वाटतं.

नेमूर आणि सिको

२६ जुलै १९५५ रोजी पोर्ट-ओ-प्रिन्समधल्या सेंट-आन चौकात नेमूर ज्याँ-बातिस्त या सॅक्सोफोनवादकाचा नवा वाद्यवृंद पहिल्यांदा वाजला. त्या सुमाराला हैतीत सगळ्यात जास्त चालत होतं ते शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकचं मेरेंगे. आन्हेल विलोरियांच्या अकॉर्डियनच्या रेकॉर्ड घरोघर पोहोचल्या होत्या आणि सीमेपलीकडची जोरदार रेडिओ केंद्रं दिवसभर तेच वाजवत. यातली विसंगती लहान नाही. १९३७ साली डॉमिनिकन हुकूमशहा त्रुहियोने आपल्या हद्दीतल्या हजारो हैतीयन लोकांची कत्तल करवली होती. तरी दोन दशकांच्या आत त्याच देशाच्या गाण्यावर हैती नाचत होता.

नेमूर यांनी ते मेरेंगे घेतलं आणि त्याची घाई काढून टाकली. ताल मंद केला, अकॉर्डियन ठेवलं, तांबूला मधोमध जागा दिली आणि ठोका इतका सरळ केला की नवखं जोडपंही पहिल्या मिनिटात पाय जुळवून घेईल. १९५७ साली या प्रकाराला त्यांनी 'कोंपा दिरेक्त' असं नाव दिलं. शहराला लागून असलेल्या कारफूर भागातल्या 'ओ कालबास' या क्लबात ते वाजवत आणि वाद्यवृंदाने काही काळ क्लबाचंच नाव लावलं. अकॉर्डियनवर रिशार द्युरोसो, तांबूवर क्रॉइत्सर द्युरोसो. या दोघांशिवाय त्या काळच्या रेकॉर्डची कल्पनाच करता येत नाही.

वेबेर सिको सुरुवातीला याच ताफ्यात होते. सॅक्सोफोनवर त्यांचा हात नेमूरपेक्षा सरस, हे नेमूरचे चाहतेही मान्य करतील. ते बाहेर पडले, भाऊ रेमों ट्रम्पेटवर सोबत होता, आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आपल्या प्रकाराला 'कादांस रांपा' नाव दिलं. कोंपा आणि कादांस यांत फरक काय? खरं सांगायचं तर कानाला जेमतेम जाणवेल इतका. पण एकदा नावं वेगळी झाली की गट वेगळे होतात. कार्निव्हल आलं की दोन्हीकडून एकमेकांना टोमणे मारणारी गाणी निघत, चाहते रस्त्यावर आपापल्या नेत्याचा झेंडा मिरवत, आणि दोघांच्याही रेकॉर्ड खपत. या भांडणाने संगीताचं भलंच केलं. दर वर्षी समोरच्याला मात द्यायची म्हणून दोघांचे ब्रासचे तुकडे अधिकाधिक चपखल होत गेले. दोघेही १९८५ साली, काही महिन्यांच्या अंतराने वारले.

ठेक्याच्या आत

नेमूर-सिको काळातली एखादी रेकॉर्ड ऐकताना गाणं बाजूला ठेवून फक्त तालवाद्यांकडे लक्ष द्यावं. एक वादक उभ्याने दोन गोष्टी सांभाळतो. एका हाताने गुरांच्या गळ्यातल्या घंटेसारखी दिसणारी, काठीने वाजवायची लोखंडी घंटा, दुसऱ्या हाताने जमिनीवर ठेवलेला जाड आवाजाचा ड्रम. घंटेचा टणटणाट हा सगळ्यांचा वाटाड्या. ट्रम्पेटवाला हरवला तरी घंटा ऐकून परत येतो. त्याला लगटून तांबू किंवा कोंगा असतो. त्यात बहुतेक ठोके तळहाताने दाबून बंद केलेले, आणि मधूनच एक खोल, मोकळा ठोका सोडलेला. नाचणाऱ्याची कंबर वळते ती त्या मोकळ्या ठोक्यावर.

तिसरं वाद्य खरवडायचं. धातूच्या खाचा असलेल्या नळीवर काडी ओढायची, खर्र-खर्र-खर्र. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यातले अमृतराव काटकर जे रेसो-रेसो वाजवत, ते याच कुळातलं. हिंदी गाण्यात तो आवाज फोडणीसारखा वरून पडतो. इथे तो पाच-सात मिनिटं एका दमात चालू असतो, आणि बंद झाला की मगच कळतं की एवढा वेळ तो होता.

या तिघांवर बास आपलं दोन-तीन सुरांचं पाऊल टाकतो. एवढं जमलं की वर कोणीही काहीही करावं. म्हणून गाण्याचे सरळ दोन भाग पडतात. आधी कडवी, मग नाचाचा लांबलचक भाग, ज्यात ब्रास एक छोटं वळण धरतं, आठ-दहा वेळा घोळवतं, मग दुसरं धरतं. या बदलांत नाटक नसतं. कसलेला वादक वळण बदलतो ते नाचणाऱ्यांना पहिल्याचा कंटाळा येण्याच्या क्षणभर आधी. हे प्रेक्षकांकडे बघतच शिकावं लागतं, आणि हे ताफे आठवड्याला कितीतरी रात्री त्यांच्याकडे बघत वाजवत होते.

नाचही तसाच. जोडपं अगदी जवळ, पावलं लहान, सगळी हालचाल कमरेत आणि गुडघ्यात. गर्दीत एका फरशीएवढी जागा मिळाली तरी भागतं. गिरक्या नाहीत, कसरती नाहीत. ठेका सावकाश असण्याचं एक साधं कारण हेही की मिठीत घेऊन कोणाला पळता येत नाही.

मिनी-जाझ

१९६०च्या दशकाच्या मध्यावर पेत्यों-व्हिल आणि पोर्ट-ओ-प्रिन्समधल्या मध्यमवर्गीय पोरांच्या हातात इलेक्ट्रिक गिटार आल्या. रेडिओवर बीटल्स आणि फ्रेंच पॉप होतं. पंधरा-वीस जणांचा वाद्यवृंद पोसणं कोणाला परवडणार? त्यांनी ब्रासची रांग काढून एकच सॅक्सोफोन ठेवला, दोन गिटार, बास, ड्रम, कोंगा, घंटा. फॅशन मिनीस्कर्टची होती, म्हणून ताफे झाले 'मिनी-जाझ'. १९६५ साली 'श्ल्यू श्ल्यू' निघाला आणि मग गल्लोगल्ली पेव फुटलं. रविवारी दुपारी कोणाच्या तरी अंगणात, शाळेच्या आवारात नाच ठेवायचा आणि अंधार पडायच्या आत घरी जायचं. राजधानीतल्या रेक्स थिएटरमध्ये या ताफ्यांचे खेळ रंगत.

माझ्या मते जुन्या हैतीयन संगीतातला सगळ्यात नितळ आवाज याच काळातला आहे. मोठ्या वाद्यवृंदात जे ब्रास करत असे, ते आता दोन गिटार करू लागल्या. एक गिटार ठेक्यात चिरफाळ्या मारते, दुसरी वरच्या सुरांत बारीक तुकडा अखंड फिरवत राहते, आणि एकुलता एक सॅक्सोफोन दोघींच्या मधून वाट काढतो. रेकॉर्डिंग बहुधा सगळ्यांनी एका खोलीत बसून केलेलं. सूर क्वचित इकडेतिकडे जातो, कोणीतरी मागून ओरडतं, आणि ते बिघडलेलं वाटत नाही.

पेत्यों-व्हिलच्या 'ताबू कोंबो'चा जन्म १९६८चा. काही वर्षांत ते न्यूयॉर्कला गेले आणि १९७५ साली त्यांच्या 'न्यूयॉर्क सिटी'ने फ्रान्समध्ये धमाल उडवली. 'श्ल्यू श्ल्यू'तल्या वादकांनी १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये 'स्का शा' काढला. 'फ्रेर देजाँ' म्हणजे देजाँ बंधूंनी ब्रास पुन्हा वाढवलं. त्यांचा १९७७चा 'बुकी आक मालिस' हा अल्बम लोककथेतल्या जोडगोळीच्या नावाचा आहे : बुकी म्हणजे हावरा आणि मठ्ठ, मालिस म्हणजे बिलंदर. तोपर्यंत तबकडीच्या एका बाजूला तीन-चारच गाणी मावू लागली होती, इतकी ती लांबली होती. कोंपाला खरी तीच लांबी शोभते. आधीच्या छोट्या तबकडीवर नाचाचा भाग रंगात यायच्या आत सुई उचलावी लागे.

कूपे क्लुए

ज्याँ जेस्नेर आंरी हा माणूस आधी फुटबॉल खेळायचा, बचावफळीत. समोरच्याचा चेंडू कापायचा आणि त्याला जागच्या जागी खिळवायचं, यावरून पडलेलं मैदानातलं नाव 'कूपे क्लुए' त्याने गाण्यातही ठेवलं. त्याचा 'त्रिओ सेलेक्त' गिटारवाल्या खेडवळ गाण्याच्या, त्वूबादूच्या परंपरेतला. उसाच्या तोडणीसाठी क्युबाला जाऊन आलेल्या मजुरांनी ती गाणी बरोबर आणली होती. पुढे ताफा वाढला, ठेका कोंपाचा झाला, पण सुट्या गिटारांचा मोकळेपणा राहिला.

त्याची गाणी म्हणजे मधूनमधून ताल असलेल्या गप्पा. मध्येच गाणं थांबवून तो गोष्ट सांगू लागतो, ताफ्यातले लोक हसतात, प्रश्न विचारतात, आणि वरवर शेजारणीबद्दल किंवा स्वयंपाकाबद्दल चाललेलं बोलणं भलतीकडेच निघालेलं असतं. दादा कोंडके ज्यांनी थिएटरात बसून पाहिले, त्यांना हा खेळ भाषा न कळताही कळेल : निरागस चेहरा बोलणाऱ्याचा, वाईट अर्थ लावणारे आपण. बायकांबद्दलची त्याची काही गाणी आज ऐकताना खटकतात, हेही खरं. पश्चिम आफ्रिकेत त्याचे दौरे इतके गाजले की तिथे तो 'राजा कूपे' झाला. १९९८ साली तो वारला.

पापा डॉकच्या राज्यात

नेमूर यांनी कोंपाला नाव दिलं त्याच वर्षी, १९५७ साली, फ्रांस्वा दुवालिए निवडून आले. 'पापा डॉक' म्हणून ओळखले जाणारे हे डॉक्टर १९७१ पर्यंत, मरेपर्यंत, सत्तेवर राहिले. मग मुलगा ज्याँ-क्लोद, फेब्रुवारी १९८६ पर्यंत. म्हणजे आपण ज्याला कोंपाचा सुवर्णकाळ म्हणतो तो जवळजवळ पूर्णपणे बापलेकांच्या हुकूमशाहीत बसतो. तोंतों माकूत या खासगी फौजेची दहशत, गायब झालेली माणसं, आणि त्याच शहरात शनिवारी रात्री भरलेले नाच.

या गोड संगीताने तोंड मिटून घेतलं, असा आरोप होतो. तो अर्धा खरा आहे. सरकारी समारंभांत ताफे वाजले, राज्यकर्त्यांची स्तुती करणारी गाणीही निघाली. नाही म्हणायची सोय किती जणांना होती, हे मात्र लांबून ठरवू नये. मार्ता ज्याँ-क्लोद ही गायिका तर दुवालिएंच्याही आधी, १९५२ साली, देश सोडून क्युबाला गेली होती. उघड टीका कोंपात आली ती उशिरा. 'ती मानो' या नावाने गाणाऱ्या आंत्वान रोसिनी ज्याँ-बातिस्त यांनी १९८०च्या आसपास परदेशी गेलेल्या हैतीयनांचे हाल, गरिबी, भेदभाव गाण्यात आणले. तेही १९८५ सालीच गेले, ऐन तिशीत.

दुवालिए काळात डॉक्टर, शिक्षक, वकील मोठ्या संख्येने देशाबाहेर पडले, मागोमाग कामगार. ब्रुकलिन, मायामी, माँट्रियल इथे वस्त्या झाल्या आणि ताफेही तिकडे सरकले. फ्रेड पॉल यांच्या 'मिनी रेकॉर्ड्स'सारख्या न्यूयॉर्कच्या कंपन्यांनी १९७०च्या दशकातला मोठा खजिना छापला. आज जुनी कोंपा रेकॉर्ड हातात आली तर तिच्यावर न्यूयॉर्कचा पत्ता असायची शक्यता बरीच.

उत्तरेचे दोन वाद्यवृंद

राजधानीत मिनी-जाझची लाट आली तरी उत्तरेच्या कॅप-हैतियन शहराने मोठा वाद्यवृंद सोडला नाही. 'सेप्तांत्रियोनाल' १९४८चा, 'त्रोपिकाना' १९६३चा. दोन्ही आजही वाजतात, दोघांचेही पिढीजात चाहते आहेत. सेप्तांत्रियोनालचे उल्रिक पिएर-लुई अर्धशतकाहून अधिक काळ त्या वाद्यवृंदाशी जोडलेले होते. तिथे वादक निवृत्त होतो, जागा भरली जाते, ताफा चालू राहतो.

बेटाबाहेर

सिको यांचे दौरे मार्टिनिक, ग्वादलूप, डॉमिनिका या बेटांवर खूप झाले, म्हणून तिकडे 'कादांस' हेच नाव रुजलं. १९७०च्या दशकात डॉमिनिकाच्या गॉर्डन हेन्डरसन यांच्या 'एक्झाइल वन'ने त्यात कॅलिप्सो मिसळलं. १९७९ साली फ्रेंच बेटांवरचा 'कसाव' हा ताफा निघाला आणि झूक हे नवं नाचसंगीत जन्माला आलं, काही अंशी हैतीयन ताफ्यांनी तिथली बाजारपेठ व्यापल्याच्या चिडीतून. हैतीत तर कोंपा गायक राष्ट्राध्यक्षही झाला : 'स्वीट मिकी' या नावाने मंच गाजवणारे मिशेल मार्तेली, २०११ ते २०१६. गायक म्हणून ते बरे होते.

डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीला लाल किल्ल्यात युनेस्कोची बैठक भरली आणि दिवाळीची नोंद अमूर्त वारशाच्या यादीत झाली, तेव्हा त्याच बैठकीत हैतीच्या कोंपाचंही नाव त्या यादीत गेलं. आपल्याकडच्या बातम्यांत अर्थातच दिवाळी होती.

कुठून ऐकावं

दोन संकलनांनी जुन्या रेकॉर्ड नव्या श्रोत्यांपर्यंत आणल्या. लंडनच्या 'स्ट्रट'ने २०१४ साली काढलेलं 'हैती डायरेक्ट', ज्यात १९६० ते १९७८ दरम्यानचे मोठे वाद्यवृंद, मिनी-जाझ आणि त्वूबादू तिन्ही आहेत. आणि 'तांबू तुजू लू', जवळपास त्याच काळातल्या गाण्यांचं, न्यूयॉर्कच्या 'ओस्तिनातो' कंपनीचं पहिलं प्रकाशन. या कंपनीचे संस्थापक भारतीय वंशाचे विक सोहोनी. मराठी कानाला आडनाव ओळखीचं वाटेल. पुढे त्यांनी सोमालिया, सुदान, जिबुती इथलंही जुनं संगीत असंच शोधून काढलं.

संकलनात एक अडचण असते. दर गाण्याला ताफा बदलतो, त्यामुळे अंगात ठेका मुरायच्या आत दुसरा सुरू होतो. म्हणून चवीपुरतं संकलन ऐकून एखादा आवडलेला ताफा निवडावा आणि त्याचा अख्खा अल्बम लावावा. सुरुवातीला देजाँ बंधूंचा 'बुकी आक मालिस' ठीक, मग नेमूरकडे मागे जावं. नेमूर आधी ऐकले तर सगळी गाणी एकसारखी वाटण्याचा धोका आहे. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नये, कारण त्यावर बास आणि तांबूचा तो मोकळा ठोका दोन्ही गायब होतात आणि उरते फक्त घंटा.